डाव्या कोपऱ्याचा विडा

"घे की," बंडेप्पा म्हणाला. "किती येळ हात पुढं करून उभा राहू?"

हरिओमनं दोन्ही हात पाठीमागंच ठेवले. राजेश्वर गावातल्या त्याच्या घराच्या दारात बंडेप्पा चपला काढून, उजव्या तळहातावर विडा धरून उभा होता. नवख्या माणसाला वाटलं असतं की हा मुलीची सोयरीक घेऊन आलाय. सोयरीकच म्हणायची, फक्त कबड्डीची.

हुलसूरच्या संघाची ही जुनी रीत. सीमा कबड्डी लीग सुरू झाली, आठ तालुक्यांचे आठ संघ झाले, मातीवरचा खेळ मॅटवर गेला, खेळाडूंना पगार मिळू लागला, तरी हुलसूरकरांनी रीत काही सोडली नाही. बाकीचे संघ कागदावर सह्या घेतात. हुलसूरचा माणूस श्रावणात दारात येतो आणि विडा पुढं करतो. तोंडात घातला की वर्षभराचा शब्द झाला. आणि ज्याला काढायचं, त्याला कुणी काही सांगत नाही. श्रावण सरतो, विडा येत नाही, ज्याचं त्याला कळतं. तोंडानं वाईट बोलायची वेळच येऊ नये म्हणून कुणा शहाण्यानं ही सोय केली असणार. बंडेप्पालाही परवापरवापर्यंत ती फार शहाणपणाची वाटत होती.

हरिओम बावीस वर्षांचा, मांडीनं भरलेला, खांद्यानं रुंद. बंडेप्पा हुलसूरच्या अडतीवर तोलार होता. दिवसभर तूर आणि सोयाबीनची पोती तोलून त्याच्या नजरेलाच काटा बसला होता. चौऱ्याहत्तर किलो, त्यानं दारातूनच ताडलं होतं, आणि सगळं वजन कमरेखाली. चढाईला आलेल्या रेडरचा घोटा धरायला, डाव्या कोपऱ्याला असाच माणूस लागतो.

"कोपरा कुणाचा?" हरिओमनं विचारलं.

"तुझा."

"मोकळा हाय?"

"हाय," बंडेप्पा म्हणाला. हे त्यानं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याला तिथं उभं राहवेना.

हरिओमनं विड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "परवा हुलसूरला आलतो. तानाजीअण्णाच्या टपरीवर पान खाल्लं. अण्णा म्हणायलता, औंदा गुडघा बरा हाय, चार वर्सं तरी मी कोपरा सोडत न्हाई. त्याला म्हाईत न्हाई व्हय?"

उशीर झाला, मुडबीला जायचंय, असं काहीतरी बंडेप्पा पुटपुटला. विडा परत पिशवीत टाकला आणि चपला घालता घालता मोपेडला किक मारली.

मागल्या हंगामात हुलसूरनं चौदा सामने खेळून एक जिंकला होता. तोही समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत म्हणून. संघाचा मालक बसवप्रभु हा त्याच अडतीचा अडत्या, म्हणजे बंडेप्पाचा दोन्हीकडून धनी. ओरडणारा माणूस नव्हे. आषाढात त्यानं बंडेप्पाला गादीवर बोलावलं, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की श्रावण सरायच्या आत नवा संघ उभा कर, नाहीतर मी मॅट विकून मोकळा होतो. बारातले सात ठेव, पाच बदल. चार जागा तशाही रिकाम्याच होत्या. कुणी हैदराबादला कामाला गेला होता, कुणी पोलिसात लागला होता. पाचवं नाव बसवप्रभुनं घेतलं नाही. एवढंच म्हणाला की अप्पा, सगळे रेडर आपल्या डावीकडूनच कामून घुसतात, ते तूच सांग.

ते सांगायला काय तोलार लागतो? प्रेक्षकांतल्या बायकांना कळत होतं. तानाजी एकोणचाळीसचा झाला होता. घोटा धरायला खाली जायचा तोवर रेडर रेषेपार झालेला असायचा.

पण हा तानाजी म्हणजे कोण? अहो, हुलसूरचा संघ म्हणजेच तानाजी. मातीवरच्या दिवसांत तानाजी डाव्या कोपऱ्यात आणि त्याच्या शेजारी बंडेप्पा, नऊ वर्षं. साखळीत शेजाऱ्याचा हात धरायचा असतो. हे दोघं हात नाही, मनगट धरायचे. रेडर आत आला की बंडेप्पा हातातलं मनगट दाबायचा आणि दाबताक्षणी तानाजी घोट्यावर झेप घ्यायचा. तोंडानं कधी हाक नाही, इशारा नाही. उदगीरच्या एका मोठ्या संघानं तानाजीला बोलावलं होतं, नोकरीसकट. हा म्हणाला, दुसऱ्याच्या हातात मनगट द्यायचं तर मला नवीन हातच बसवावा लागंल. गेला नाही. पुढं बंडेप्पाचा खांदा निखळला, तो खेळातून उठून संघ सांभाळू लागला. तानाजी खेळत राहिला.

आणि आता खरी अडचण सांगतो. हे विडे बांधायचा कोण? तानाजीच. हुलसूरच्या स्टँडसमोर त्याची पानटपरी. दरवर्षी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बंडेप्पा टपरीवर जायचा, तानाजी बारा विडे बांधायचा, तिकोनी, पानाचा देठ आत मुडपून वर लवंग टोचलेली. बांधून झाले की त्यातला पहिला उचलून स्वतःच्या तोंडात टाकायचा. "एक झाला, अकरा फीर," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि वर्षानुवर्षं बंडेप्पाही हसायचा.

यंदा तो विडा त्याच्या हातून काढून कसा घ्यायचा?

बंडेप्पानं आठ दिवस डोकं खाजवलं आणि अखेर जी शक्कल काढली ती त्याच्यासारख्या भल्या माणसालाच सुचू शकते. तो बसवकल्याणला गेला आणि तिथल्या चौकातून बारा विडे बांधून आणले. आपण टपरीवर गेलोच नाही, म्हणजे आपण तानाजीला नाही म्हटलंच नाही. त्या दिवसापासून स्टँडवरून जाणं बंद. मारुतीच्या देवळामागच्या बोळातून पंचेचाळीस वर्षांचा गडी मोपेडचं इंजिन बंद करून ढकलत न्यायचा. घरी जेवायला बसला तरी एक पाय हलत असायचा. नागरत्ना म्हणाली, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का. मग भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली की तानाजीभावजी सकाळी तळ्याकडच्या रस्त्यानं पळायलेत म्हणं, गुडघ्याला तेल लावून. बंडेप्पानं हातातला घास ताटात ठेवला.

मुडबीला पोहोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रेवणसिद्ध रानातून नुकताच आला होता. एकोणतीस वर्षांचा, लीगमधला उत्तम रेडर, मागल्या साली दुसऱ्या संघातून खेळला आणि हुलसूरविरुद्ध सर्वांत जास्त गुण त्यानंच लुटले, तेही डाव्या कोपऱ्यातून. हा एकटा आला तरी बाकीचे आपोआप येतील हे बंडेप्पाला ठाऊक होतं. दोघांत आधीच फोनवर बोलणं झालेलं, पगार ठरलेला, फक्त विडा राहिला होता.

रेवणसिद्धनं हातपाय धुतले, टॉवेलनं हात कोरडे केले आणि रीतीनं विडा घेतला. बंडेप्पाच्या जिवात जीव आला. पण रेवणसिद्ध तो तोंडात घालेना. बोटांत धरून फिरवून बघत बसला. बसवकल्याणच्या पानवाल्यानं विड्याला चांदीचा वर्ख लावला होता, काडी टोचली होती आणि काडीच्या टोकाला एक लालभडक चेरी.

"ही चेरी कामून, अण्णा?"

"तिकडं तशीच लावतेत."

"तिकडं म्हंजी? ह्यो तानाजीअण्णाचा विडा न्हाई?"

बंडेप्पानं पिशवीचं तोंड आवळलं.

रेवणसिद्धनं विडा हळूच परत त्याच्या तळहातावर ठेवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"त्याला काढायलाव, ते बरोबर हाय. मागल्या साली मीच त्याच्या डोक्यावरनं उड्या मारल्या, मला कळत न्हाई का? पर तुमी त्याला सांगितलं न्हाई. त्याला चुकवून आमच्याकडं यायलाव. उद्या माझा पाय गेला तर मलाबी असंच कळणार, व्हय ना? कुणाच्या तरी दारात चेरी लावून?"

"रीतच तशी हाय रे. काढताना कुणी सांगत न्हाई."

"रीत हाय, मंजूर. पर त्या रितीत विडा कुठं बांधायचा तेबी हाय. अर्धी पाळायची आन् अर्धी न्हाई, असं कसं?"

परतीच्या वाटेवर बंडेप्पानं दोनदा मोपेड थांबवली. एकदा विनाकारणच. दुसऱ्यांदा त्यानं पिशवीतले सगळे विडे काढले आणि बांधावर चरणाऱ्या एका शेळीपुढं ठेवले. शेळीनं चेऱ्यांसकट खाल्ले. निदान कुणीतरी शब्द दिला, त्याला वाटलं, आणि स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोळातून गेला नाही. सरळ स्टँडसमोर गेला आणि टपरीपुढं मोपेड लावली.

तानाजी ओल्या फडक्यानं पानं पुसत होता. डाव्या गालात नेहमीसारखा पानाचा फुगवटा. फळीवर मोहरीच्या तेलाची बाटली. त्यानं वर बघितलं, पुन्हा पान पुसलं.

"लई दिस झाले."

"कामात होतो."

"बोळातनं मोपेड ढकलायचं काम?"

बंडेप्पाला खाली मान घालावी लागली. समोरच्या बाकावर दोघं कॉलेजची मुलं बसली होती, ती उठून जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "तानाजी, विडे पायजेत."

"किती?"

एवढ्या वर्षांत तानाजीनं हे कधीच विचारलं नव्हतं. बारा असतात हे त्याला नाही तर कुणाला माहीत? त्या एका शब्दात बंडेप्पाला कळून चुकलं की याला सगळं कळलंय. तरीही ते आपल्याच तोंडानं सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तो आला होता.

"बारा," तो म्हणाला. "आन् बाराच्या बारा न्यायचेत मला."

तानाजीनं फडकं बाजूला ठेवलं. वाकून पिंक टाकली, गालातलं पान थुंकून टाकलं, चूळ भरली. मग सुपारीचा डबा काढायला खाली बसला. बसला तो ठीक, पण उठताना त्याला फळीचा आधार घ्यावा लागला, आणि आधार घेताना त्यानं चटकन बंडेप्पाकडं बघितलं. बंडेप्पानं तेवढ्यात रस्त्याकडं तोंड फिरवलं होतं. पण पोती तोलणारी नजर, तिला जे दिसायचं ते दिसलं.

"कुणाला देणार कोपरा?"

"राजेश्वरच्या हरिओमला."

"चांगला हाय." तानाजीनं पानांचे देठ खुडले, चुना लावला, कात लावला. हात नेहमीच्या लयीत चालले होते. "डावा पाय आदी टाकतो त्यो. मग घोट्यावर जायला उशीर व्हतो. सांग त्याला."

"तूच सांग की. येत जा सरावाला. पोरं ऐकतील तुझं."

"मी कामून सांगू? संघात हाय का मी?"

हे तो जोरात बोलला. स्टँडमध्ये भालकीची गाडी लागली, माणसं धावली, गाडी गेली.

"गुडघा माझा हाय, बंडेप्पा," तानाजी म्हणाला. आवाज खाली आला होता. "त्यात काय उरलंय ते मला तुझ्याआदी कळलंय. पळायलतो रोज, पळून पळून तेच कळलं. त्याचं दुःख न्हाई. न्हाई म्हंजी हाय, पर ते माझं मी बघतो. तू विडा दुसरीकडनं बांधून आणलास. इतक्या वर्साचा माझा हात, आन् तू कल्याणच्या चौकात जाऊन उभारलास, गाडीचा कंडक्टर सांगून गेला. ते लई लागलं बघ."

"चुकलं माझं."

"व्हय. चुकलं."

बारा विडे झाले. केळीच्या पानावर चारचारच्या तीन ओळी. तानाजीनं शेवटची लवंग टोचली, फडक्याला हात पुसला आणि सवयीनं पहिल्या विड्याकडं हात गेला. बोटांत उचललाही. मग बोटं तिथंच थांबली. त्यानं विडा जागेवर ठेवला, जरासा वाकडा पडला होता तो सरळ केला.

"ह्यो वरचा हरिओमला दे," तो म्हणाला. "कोपऱ्याचा हाय."

केळीच्या पानाची घडी घालून त्यानं दोऱ्यानं बांधली आणि पुडा फळीवरून पुढं केला. बंडेप्पानं हात पुढं केला. पण त्याचा हात पुड्यावर गेलाच नाही. तो गेला तानाजीच्या मनगटावर, आपोआप, जुन्या जागी, चार बोटं वर आणि अंगठा खाली. धरल्यावर त्याला सोडता येईना. नकळत त्यानं दाबलं.

तानाजीचा डावा खांदा किंचित खाली गेला. तेवढाच. मग तो पुन्हा सरळ झाला.

"सोड," तो म्हणाला. "विडे चुरायलेत."

बंडेप्पानं मनगट सोडलं, पुडा घेतला आणि राजेश्वरच्या रस्त्याला लागला.