रंगाखालचा नळा

"काय रं नळोबा, बेंदराला नवरदेवागत नटतोस, आनि दिवाळीला भाजल्या वांग्यागत का दिसतोस?"

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, हा प्रश्न मला भर दुपारी, माणसांच्या देखत, राही नावाच्या मुलीनं विचारला. तिची वर्गमैत्रीण जरिना हिनं तिला डिवचलं होतं, "नळ्याला मोठ्यानं विचारून दाव, न्हाईतर तू भित्री!" राही आणि भित्री? छे! तिनं कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात विचारलं. मला चेहरा असता तर मी तो लपवला असता.

मी कोण? इस्लामपूरजवळच्या एका मळ्यात विहिरीच्या काठावर ऑइल इंजिन आहे, त्याचा धूर छपराबाहेर नेणारा लोखंडी नळा. आता बराच जुना झालो आहे, पण अंगाला अजून एक भोक नाही. ते का नाही, तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म सांगलीचा. जाड पत्रा तापवून, वाकवून, सांधून मला गोल केलं, आणि इंजिनाच्या शेजारी बैलगाडीत आडवं घालून या मळ्यात आणलं. मळ्याचे मालक आकाराम, राहीचे वडील. माझ्याआधी इथं मोट होती. चामड्याची ती भलीमोठी पिशवी विहिरीत सोडायची, आणि दोन बैलांनी उतारावरून ओढत ती वर आणायची. राहीचा भाऊ सयाजी पहाटेपासून बैलांच्या मागं असायचा. इंजिन पहिल्यांदा फटफटलं, माझ्या तोंडातून धुराची वर्तुळं निघाली, आणि पाटाला असं पाणी आलं की बघायला जमलेल्या बायका पदर सावरत मागं सरल्या. एक आजी म्हणाली, "बया! हे तर बैलाबिगार बैल हाय!" मला केवढा अभिमान वाटला!

मोट थांबली, म्हणून सयाजी मोकळा झाला आणि पलटणीत भरती झाला. मोट थांबली, मळ्यात राहीच्या हातांची गरज उरली नाही, म्हणूनच ती इस्लामपूरच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. एका नळ्याचा आणि शाळेचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या मळ्यात तो होता.

बेंदराचा सण आला की आकाराम बैलांची शिंगं हिंगुळानं लाल रंगवायचे. इंजिन आलं त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, आता पाणी हे इंजिन ओढतं, मग त्याची शिंगं कोणती? हा वर निघालेला नळाच की! उरलेला हिंगूळ तेलात कालवून त्यांनी मला फासला, वर सोनेरी बेगड चिकटवली, पुरणपोळीचा घास इंजिनापुढं ठेवला. मी लालभडक! बैलसुद्धा माझ्याकडं वळून बघत होते, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि अंग तापलं. रंगाला फोड आले. जळक्या तेलाचा वास सुटला, बेगड गळून पडली. पण आकाराम प्रेमाचे! पुढच्या बेंदराला पुन्हा रंग, त्याच्या पुढच्या बेंदराला जुन्या फोडांवरच नवा रंग. रात्री विहिरीची ओल त्या फोडांखाली शिरायची. मला आतून खाज सुटायची, पण सांगणार कुणाला?

म्हणून राहीनं तो प्रश्न विचारला तेव्हा सगळे हसले, मी मात्र कान टवकारले. जरिनाचे वडील पीरमहंमद मिस्त्री त्या दिवशी इंजिन बघायला आले होते. तेही हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्या अंगावरचा फोड नखानं उचकटला. भाकरीएवढा पापुद्रा निघाला. खाली नुसता तांबडा गंज!



"आकारामदादा," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "भोक पडायला आलंय. ठिनगी भायेर आली की उसाच्या पाचटाचं छप्पर पेटंल. असं इंजिन चालवू नगा."

"मग नवा नळा आना."

"कुटनं आनू? लढाई चाललीया. समदं लोखंड तिकडं गेलं."

आकाराम पाटाकडं वळून म्हणाले, "मग मोट जुपायची. सयाजी पलटनीत, गडी मिळंना. राही हाय."

राहीचे कमरेवरचे हात खाली आले. तिची इंग्रजी पाचवीची परीक्षा तोंडावर होती. पण नुसती परीक्षा नव्हे हो, मोटेवर गेलेली पोर पुन्हा शाळेत बसलेली त्या गावानं पाहिली नव्हती.

ती रडली असेल, असं तुम्हाला वाटेल. ती जरिनाला घेऊन मिस्त्रींच्या मागं लागली. "चाचा, तापल्यावर टिकंल असा रंगच न्हाई का जगात?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "ओतशाळंत साच्याला काळी भुकटी फासत्यात, शिसपेनीत असती तसली. जवसाच्या तेलात कालवून लावत्यात म्हनं. मी कवा लावली न्हाई, पोरी. टिकंल का न्हाई, अल्ला जाने."

मग बघू या की! मोडक्या खुरप्याचे तुकडे घेऊन राही चुलीपुढं बसली. एका तुकड्याला हिंगूळ, एकाला डांबर, एकाला ती काळी भुकटी. तिची आई अंबूबाई भाकरी थापत होती, ती करवादली, "अगं, भाकरी भाजू का तुजी लोखंडं?"

हिंगुळाला फोड आले. डांबर ओघळून असं धुरकटलं की अंबूबाईंनी चिमट्यानं उचलून अंगणात भिरकावलं. काळी भुकटी टिकेल, असं वाटत असतानाच तिचाही पापुद्रा सुटला. जरिनाचा चेहरा पडला. राहीनं मात्र तुकडा उलटा केला. मागच्या बाजूला, जिथं खुरपं दगडावर घासून लखलखीत होतं, तिथं तेच काळं घट्ट बसलं होतं. नखानं निघेना, राखेनं निघेना.

"जरे, रंगाचा दोष न्हाई गं! गंजावर काय बी लाव, गंज सुटला की त्यो सुटनारच!"

मित्रांनो, तेव्हापासून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आकारामांनी मला प्रेमानंच रंगवलं होतं, पण रंगाखाली कसा आहे हे कुणी बघितलं नव्हतं. मी झिलईत मिरवलो आणि आतून झिजलो. नंतर मला उतरवून पार उघडा होईपर्यंत खरवडलं, काळ्या रंगाचा पातळ हात दिला, मंद आचेवर तापवलं, मग पुन्हा पातळ हात. त्यानंतर किती उन्हाळे मी तापलो आणि निवलो! लाल दिसत नाही मी आता. तव्यासारखा दिसतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कामाचं काही असेल, तर सणाला सजवा जरूर, पण आधी एकदा खरवडून बघा. आम्हाला दुखतं ते आम्ही सांगत नाही.

पण हे काही सहज घडलं नाही. खरवडणं आणि थराथरानं तापवणं, आठवडा तरी जाणार होता, आणि फाल्गुनाच्या उन्हात ऊस माना टाकत होता. चुलीपुढचा प्रयोग झाला त्या संध्याकाळी माझ्याजवळ उभं राहून आकाराम चिडून म्हणाले, "आठवडाभर पानी कोन पाजनार? डांबर फासा आनि मोकळे व्हा!"

"आवं, छप्पर पेटलं तर?" अंबूबाई म्हणाल्या. "त्यापरीस मोटच बरी. पोरीचं कवातरी शिक्षान थांबायचंच हाय."

राही माझ्या अंगाला पाठ टेकून उभी होती. दिवसभराच्या उन्हानं मी अजून कोमट होतो. 

"आबा, आये, मी ठरवलंय. नळा उद्याच उतरवायचा. त्यो पुन्ना चढंपतूर मोट मी हाकनार, पहाटंपासनं. तेवढ्या दिसांचं धडे जरिना आनून दील. पन ज्या दिशी नळा वर चढंल, त्या दिशी मी बैल सोडनार आनि शाळंची वाट धरनार. तवा मला मागनं कुनी हाक मारायची न्हाई."