हँडलला बांधलेली ट्यूब

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही म्हणाल, ही तर नुसती काळ्या रबराची पट्टी, हिची कसली आलीय कहाणी? पण मी एके काळी अख्खी ट्यूब होते. प्राप्ती म्हात्रे नावाच्या मुलीच्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकात मी राहत होते. माझी हकिकत कडू आहे आणि ती गोड करून सांगण्याचा माझा अजिबात विचार नाही. ऐकायची असेल तर ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापवलेल्या रबराची लांब नळी काढली, तिची टोकं जोडली, वॉल्व्ह बसवला आणि मला खोक्यात घालून अलिबागला पाठवलं. तिथल्या विपुलच्या सायकल दुकानातून मी प्राप्तीच्या चाकात गेले. तिचं गाव खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीच्या काठी. वडील धर्मा स्वतःचा ट्रक चालवायचे, अलिबागला नवे बंगले बांधणाऱ्यांना चिरा आणि वाळू पोचवायचे. मुलगी सायकलवरून डोंगर चढते याचा त्यांना कोण अभिमान! नाक्यावर चहा पिताना समोरच्याने विचारलं नाही तरी सांगायचे, "आमची बाय गाडीच्या आधी घरी पोचते."

माझी उमेदीची वर्षं खाजणाच्या बांधावर गेली. त्या बांधावर बाभळी आहेत आणि बाभळीला काटे आहेत, तेव्हा माझं काय होत असेल ते तुम्हीच समजा. काटा घुसला की प्राप्ती रस्त्याच्या कडेला बसायची. मला बाहेर काढून डबक्याच्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघून ठिगळ लावायची. हात काळे व्हायचे, पण तोंडातून कधी शिवी नाही. उलट मला थोपटून म्हणायची, "अजून थोडी कळ काढ गो." मी काढली. पुढच्या चाकातली माझी बहीण ठिगळांनी पार भरून गेली, मी मात्र बऱ्यापैकी धड होते.

मग निवड स्पर्धा जाहीर झाली. मुलींमध्ये ज्या पहिल्या दोघी येतील त्यांना पुण्याच्या शिबिरात राहून शिकायला आणि सराव करायला मिळणार होतं. प्राप्तीला ते शिबिर हवं होतं, इतकं हवं होतं की ती जेवताना त्याच्याबद्दल बोलायची आणि जेवायचं विसरायची. तिची ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटात बसणार नव्हतं. पण ही गोष्ट तिने घरात सांगितली नव्हती. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर नको, असं तिला वाटलं.

स्पर्धा मुरुडच्या बाजूच्या दगडाळ डोंगरावर होती. विपुल म्हणाला, "प्राप्ती, चाकं ट्यूबलेस करून टाक. काटा गेला तरी आतला चीक भोक बुजवतो. हवा कमी ठेवता येते, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो." त्याने आम्हा दोघी बहिणींना बाहेर काढलं. रिमवर घट्ट ताणून टेप लावली, नवा वॉल्व्ह बसवला, टायरमध्ये दुधासारखा पांढरा चीक ओतला आणि कॉम्प्रेसरची हवा सोडली. टायर टकटक आवाज करत रिमला जाऊन बसला. मी जमिनीवर पडून हे सगळं बघत होते. इतकी वर्षं माझी जागा होती ती एका बाटलीतल्या पातळ चिकाला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण विपुलने मला उचललं. बहिणीला त्याने कचऱ्यात टाकलं आणि मला प्राप्तीच्या हातात दिलं. "ही फेकू नको हां. चीक बारकी भोकं बुजवतो. टायरच्या कडेला मोठी चीर पडली तर तो वाहून जातो. मग आत ट्यूबच घालावी लागते. शर्यतीला जाताना ही सीटखालच्या पिशवीत पाहिजेच."

माझा जीव भांड्यात पडला. प्राप्तीने मला घरी आणून पुसलं आणि ओटीवरच्या खुंटीला टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि धर्मा ट्रक धुऊन ओटीवर आले. मित्रांनो, ट्रकवाल्यांची एक रीत असते. जुनी ट्यूब दिसली की तिच्या पट्ट्या कापायच्या. त्या पट्ट्यांनी वाळूवरची ताडपत्री बांधायची आणि एक काळी पट्टी गाडीच्या पुढे लटकवायची, दृष्ट लागू नये म्हणून. धर्मांच्या ट्रकला ट्यूबलेस टायर लागले तेव्हाही त्यांनी जुन्या ट्यूबांचं हेच केलं होतं. मला खुंटीवर बघून ते बायकोला म्हणाले, "पोरीची सायकल ट्यूबलेस झाली. आता ही कशाला टांगून ठेवलीय?" तिलाही माहीत नव्हतं.

त्यांनी कात्री घेतली. राग नव्हता, घाई नव्हती. गुणगुणत कापलं मला! बाकीच्या पट्ट्या ट्रकमध्ये गेल्या. जिच्यावर प्राप्तीने लावलेलं ठिगळ होतं ती चांगली बघून बाजूला काढली आणि हँडलला गाठ मारून बांधली. ती पट्टी म्हणजे मी.

स्पर्धेपर्यंतचे दोन दिवस सायकल चादरीखाली झाकलेली होती आणि खुंटीकडे प्राप्तीचं लक्ष गेलं नाही. विपुलने सांगितलं होतं की स्पर्धेपर्यंत पायांना विश्रांती दे. स्पर्धेच्या सकाळी प्राप्तीने खुंटीकडे हात नेला, तर खुंटी रिकामी. धर्मा अंगणातून हाक मारत होते, सायकल ट्रकवर चढवून झाली होती. ती धावत आली, तिने मला हँडलवर बघितलं आणि ठिगळ ओळखलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"बघ," धर्मा हसून म्हणाले, "आता कुनाची नजर लागनार नाय माझ्या बायला."

ती ट्रकमध्ये जाऊन बसली. इतक्या सकाळी विपुलचं दुकान उघडं नव्हतं. मुरुडला पोचल्यावर तिने दोघी-तिघींकडे ट्यूब मागितली, पण ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे स्वतःपुरतीच होती. आणि एकदा शर्यत सुटली की कुणाची मदत घ्यायची नाही असा नियम होता.

काय चालवली त्या दिवशी तिने सायकल! चढावर बहुतेक सगळ्या उतरून ढकलत होत्या, ही पेडल मारत होती. काटे लागले, चिकाने भोकं बुजवली. ट्यूबलेसचं काम मी मान्य करते, ते चोख होतं. प्राप्ती दुसरी होती आणि तिसरी खूप मागे होती.

उतारावर एका फुटलेल्या दगडाची धार टायरच्या कडेला लागली. फस्सकन पांढरा चीक उडाला, तिच्या पोटऱ्या पांढऱ्या झाल्या आणि चाक बसलं. ती खाली उतरली, चीर बघितली. बोट जाईल एवढी होती. पिशवीत पंप होता, पान्हे होते. माझी जागा रिकामी होती.

तिने दातांनी माझी गाठ सोडली. माझी घडी घातली आणि मला त्या चिरेत कोंबलं. मग पंप मारू लागली. "धर गो, धर," असं मला म्हणत होती आणि रडत होती. मित्रांनो, मी धरलं! जेवढं रबर माझ्यात उरलं होतं तेवढ्याने धरलं. ती बसली, निघाली, वळणापर्यंत गेली. पण पट्टी ती पट्टी. पहिल्या मोठ्या धक्क्याला मी बाहेर फेकले गेले. तिने मला उचलून खिशात घातलं, सायकल खांद्यावर घेतली आणि पळत सुटली. शेवटची रेषा समोर दिसत असताना मागची मुलगी तिच्या बाजूने निघून गेली.

प्राप्ती तिसरी आली.

धर्मा गर्दीतून धावत आले. टायर बघून कपाळाला हात लावला. "लागली ना कुनाची तरी नजर! एवढी पट्टी बांधून पन लागली!"

"नजर नाय लागली बाबा," प्राप्ती म्हणाली. सगळ्यांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने म्हणाली. "ट्यूब नव्हती माझ्याकडे. तू कापलीस."

"ट्यूबलेसला ट्यूब कशाला लागते गो?"

"लागते. खुंटीला टांगली होती ती त्यासाठीच. मला विचारलंस का? एकदा तरी विचारलंस?"

धर्मांनी सायकल उचलून ट्रकवर चढवली. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकची फेरी केली नाही. ताडपत्रीच्या सगळ्या पट्ट्या सोडून आणल्या, प्राप्तीच्या शर्यतीच्या कपड्यांच्या खिशातून मला काढलं, आम्हा सगळ्यांना ओटीवर ओळीने मांडलं आणि सोल्युशन लावून एकमेकींना चिकटवू लागले. आयुष्यभर टायर हाताळलेला माणूस! यातून ट्यूब होत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी चिकटवत होते, निघालं की परत लावत होते.

प्राप्ती दारात येऊन उभी राहिली. "राहू दे बाबा."

"नवी आनतो," ते मान वर न करता म्हणाले. "दोन आनतो. पुढल्या वर्षी तू पयली येशील बघ."

"पुढच्या वर्षी मला घेत नाहीत बाबा. वय संपलं माझं. हीच शेवटची होती."

त्यांचा हात थांबला. "हे मला का नाय सांगितलंस, बाय?"

 प्राप्ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मित्रांनो, धर्मांचा मला राग येतो. त्यांची कीव येते, तरीही राग येतो. मुलीवर त्यांच्याइतकी माया करणारा बाप मी दुसरा बघितला नाही, आणि तिचं शिबिर त्यांच्याच कात्रीने गेलं. तेव्हा माझं एवढं ऐका. घरात टांगलेली कुणाची वस्तू तुम्हाला जुनी, बिनकामाची वाटली, तर तिला हात लावण्याआधी ज्याची आहे त्याला हाक मारा. माया असेल तर आधी हाक मारा. शिबिर आज पुण्यात सुरू झालं आणि प्राप्ती सकाळपासून ओटीवर आलेली नाही.