भिंत वाळेपर्यंत

“वरून खाली गं बाई, वरून खाली! आधी खालचं पुसलंस की वरची घाण येऊन बसलीच त्याच्यावर!”

सिस्टर स्टुलावर उभ्या राहून भाचीवर खेकसत होत्या. बाह्या कोपरापर्यंत वर, नाकाला रुमाल, हातात तारेची घासणी. इस्पितळातली नोकरी संपून महिनाही झाला नव्हता. उभा जन्म वॉर्डात गेला, त्यामुळे नातेवाईकसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणत. पाठीमागे म्हणायचं नाव वेगळं होतं, फिनेलबाई. ते त्यांनाही माहीत होतं आणि मनातून त्याचा थोडा अभिमानच होता.

नव्या घरात शिरल्यावर आधी काय करायचं, यावर जो तो अक्कल शिकवून गेला होता. भाऊ म्हणाला, आधी कुलूप बदल. वहिनी म्हणाली, पडदे लाव, लोक बघतात. भाचीचं म्हणणं, आधी वायफाय. सिस्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला, “धुणार.” सामान भरलेला टेम्पो खाली उभा होता. ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याच्या चपला बघून सिस्टरांनी त्याला दारातूनच पिटाळलं.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. इतकी वर्षं क्वार्टरमध्ये काढलेली. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर परवानगी लागायची. हे घर मात्र त्यांचं स्वतःचं होतं, पहिलं आणि बहुधा शेवटचं. त्यात आधीच्या माणसांचा मागमूसही नको, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. वॉर्डातली सवयच ती. बेड रिकामा झाला की चादर, उशी, गादी, लोखंडी कांब न् कांब फिनेलने पुसायची. पुढचा पेशंट येईपर्यंत मागचा तिथे होता याची खूणसुद्धा उरता कामा नये. निरोपसमारंभात मोठे डॉक्टर भाषणात म्हणाले होते, “यांच्या वॉर्डातला बेड थंड व्हायच्या आत तयार असायचा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सगळं घर धुऊन झालं आणि घोडं अडलं ते आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या भिंतीपाशी. बाकीचं घर मालकाने विकण्याआधी रंगवून घेतलेलं, ही एक भिंत तशीच सोडलेली. आणि तिच्यावर, कॉटवर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, एक मोठा काळपट डाग. तेलाचा. बोट लावलं तर चिकटत होतं.

“शी! किती घाणेरडी माणसं असतात गं. तीन भिंतींना रंग दिला आणि चौथीला पैसे संपले वाटतं मेल्याचे!”

“मावशी, कपाट लावू ना इथे. झाकून जाईल.”

“घाण झाकायची नसते, काढायची असते,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सोड्याचं पाणी केलं आणि घासायला सुरुवात केली, तेवढ्यात नळाने मान टाकली. गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि पाणी बंद.

मग काय विचारता! सिस्टरांनी लागलीच जुन्या मालकांना फोन लावला. “अहो काका, पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते तरी सांगून जायचं! आणि घर देताना जरा पुसून द्यायची रीत असते. आतल्या खोलीत त्या भिंतीवर बोटभर तेल आहे. माणसं राहत होती की गिरणी चालवत होतात?”

 पलीकडून म्हातारा आवाज म्हणाला, “कॉक फोनवर कळायचा नाही, ताई. मी येतो. तुम्ही... तोवर काही करू नका. लगेच येतो.”

“येतो म्हणे. हे येईपर्यंत मी काय हातावर हात धरून बसू?” सिस्टर म्हणाल्या. त्यांच्याने बसवेना. शेजारणीकडून दोन बादल्या पाणी मागून आणलं. सोडा झाला, साबण झाला, शेवटी पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. डाग तसा चिवट, पण गाठ सिस्टरांशी होती. अखेर भिंतीचा खालचा पांढरा चुना दिसायला लागला, तेव्हा त्या घाम पुसत मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “लाव पंखा. पाचवर लाव. वाळलं की सामान वर घेऊ.”

पंखा गरगरायला लागला आणि दारात काका उभे राहिले. जिने चढून धाप लागलेली, शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली. त्यांनी आधी सिस्टरांच्या हातांकडे बघितलं. हात ओले होते.

“पाणी नव्हतं ना?” त्यांनी विचारलं.

“शेजारून आणलं की. माझं काम अडत नाही, काका. या ना, बघा तुमची खोली. ओळखू येते का?” सिस्टर पुढे झाल्या. राग कधीच उतरला होता. काम फत्ते झालं की त्यांचा राग टिकत नसे. “तो डाग तर विचारू नका! हात मोडून आले माझे. कोण बसायचं हो इथे इतकं तेल चोपडून?”

भाची हसली. काकाही हसल्यासारखे झाले.

“आमची ही,” ते म्हणाले. “शेवटची बरीच वर्षं पडूनच होती. बसवलं की इथे डोकं टेकायची. खिडकीतून रस्ता दिसतो ना. कोण आलं, कोण गेलं, सगळं मला सांगायची.”

सिस्टरांच्या हातातली घासणी तशीच राहिली.

“वेणी मी घालायचो,” काका म्हणाले. “मला कुठलं येतंय! तेल जास्त व्हायचं माझ्या हातून. ती ओरडायची, अहो, भिंत खराब होते, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, ताई. आम्ही घाण करूनच गेलो.”

“काका, मला... तुम्ही सांगितलं असतंत तर...”

“काय सांगायचं? घर विकलं, पैसे घेतले, आणि भिंत ठेवा म्हणायचं? रंगाऱ्याला तेवढं म्हटलं होतं, ही राहू दे. तुम्हाला म्हणायला तोंड उघडेना. मग मघाशी तुमचा फोन आला. म्हटलं, नळाला पाणी नाही, म्हणजे अजून धुतली नसेल. म्हणून रिक्षा केली.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सिस्टरांना झालं. फोनवरचा एकेक शब्द आता कानात वाजत होता. गिरणी म्हणाल्या होत्या त्या. बोटभर तेल म्हणाल्या होत्या. आणि ते ऐकणारा माणूस रिक्षात बसून देवाकडे पाणी येऊ नये म्हणून मागत होता.

आणि एवढ्यावर ते थांबलं नाही. वॉर्डातला एक मुलगा त्यांना आठवला. वडील गेल्यावर, बॉडी खाली नेल्यावर, तो पुन्हा वर आला होता. “सिस्टर, पाच मिनिटं बेडपाशी बसू का?” त्यांनी गादी उलटी करता करता सांगितलं होतं, “नाही हो, दुसरा पेशंट खाली थांबलाय.” ते खोटं नव्हतं. पेशंट थांबलाच होता. पण त्यांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं, आणि असे किती आले असतील, किती जण फिनेलच्या वासात त्या दारात उभे राहून परत गेले असतील, याचा विचारही आजवर कधी त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्या टाळ्यांची आता त्यांना लाज वाटली.

काका भिंतीजवळ गेले. घासलेली जागा अजून ओली होती, म्हणून बाकीच्या भिंतीहून गडद दिसत होती. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला.

“इथेच ना?” त्यांनी विचारलं.

“जरा डावीकडे,” सिस्टर म्हणाल्या. “हां. तिथे.”

ओल कडेने आत आत सरकत चालली होती. काकांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे पाहिलं.

“मेन कॉक जिन्याखाली आहे, फरशीच्या मागे. उलटा फिरतो तो, लोक फसतात. दाखवतो तुम्हाला,” ते म्हणाले आणि थोडं थांबून, कुणाकडे उसनं मागावं तसे चाचरत म्हणाले, “पण ताई, हे वाळेपर्यंत इथे बसलो तर चालेल का?”

खाली टेम्पोवाल्याने लांबलचक हॉर्न वाजवला. “मावशी, तो आता सामान रस्त्यावर टाकून जाईल हं,” भाची म्हणाली.

“थांब म्हणावं त्याला.”

सिस्टरांनी स्टूल उचललं, ओढणीने कोरडं पुसलं आणि खिडकीजवळ भिंतीला लावून ठेवलं. काका बसले. मग सिस्टर दारापाशी गेल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.