रंग नको, अक्षर बघ

मी थर्मोस्टॅट बोलतोय. नाव परकं, पण काम अगदी घरगुती. घरात किती ऊब आहे ते मोजायचं आणि घर गरम करणाऱ्या बाहेरच्या हीट पंपाला सांगायचं, ‘चल, सुरू हो’ किंवा ‘पुरे आता’. एकोणीस वर्षं मी पॅसेजच्या भिंतीवर होतो. सध्या मुक्काम चपलांच्या फळीवर, हातमोज्यांशेजारी.

मला बसवलं या घरच्या बाबांनी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे अक्षरावर विश्वास फार. माझ्या प्रत्येक तारेला त्यांनी कागदाची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर ती ज्या खाचेत बसते तिचं अक्षर लिहिलं. आई म्हणाल्या, “तारांना बारसं कशाला?” बाबा नुसते हसले.

पुढे दोघांचं माझ्यावरून रोजचं चालायचं. बाबा एक अंश उतरवायचे, आई दोन चढवायच्या. माणसं आपसात बोलायचं ते माझ्या बटणांवर काढतात. मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

बाबा गेले, त्याला तीन हिवाळे झाले. मीही थकलो. घरात सतरा अंश असताना मी वीस सांगू लागलो, आणि पंप माझं ऐकून स्वस्थ बसायचा. एरवी चाललं असतं, पण आता घरात लेकीचं सहा आठवड्यांचं बाळ आहे. दोन टोप्या घालूनही त्याचं नाक गारच. मिस्त्री म्हणाला, चार दिवसांनी येतो. मग लेकीनेच नवा थर्मोस्टॅट आणला.

“आई, मेन पाडलाय गं.”

“कुठला? आतल्या पंख्याच्या यंत्राचा की बाहेरच्या पंपाचा?”

“दोन असतात?”

“दोन. तुझे बाबा दोन्ही पाडल्याशिवाय झाकणाला हात लावायचे नाहीत.”

लेक निमूटपणे जाऊन दुसराही पाडून आली. टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली. इथवर शाबास. पण झाकण काढल्यावर आधी तारांचा फोटो काढायचा असतो, आणि तिचा फोन होता पाळण्यात, बाळाला गाणं ऐकवत. ‘कोण उठवतंय त्याला’ असं पुटपुटत तिने माझे सगळे स्क्रू सैल केले आणि तारा ओढून घेतल्या. बाबांच्या चिठ्ठ्या तर कधीच तारांवरून मागे घसरून भिंतीच्या भोकात गेल्या होत्या.

“सोपं आहे,” ती नव्याबरोबर आलेला कागद वाचत म्हणाली. “लाल ‘आर’मध्ये, हिरवी ‘जी’मध्ये.”

तशा जोडल्या असत्या तर पंखा सुरू होताच वीज थेट परतीच्या तारेला भिडली असती आणि आतल्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला असता. मग कुठली ऊब? ओरडायला मला तोंड नाही.

इतक्यात आई बाळाला खांद्यावर घेऊन आल्या. “थांब, थांब! बाबांनी जोडल्यात ना त्या? रंगावर जाऊ नकोस.”

“का?”

आई जरा घुटमळल्या. “त्यांना लाल-हिरवा कळायचा नाही. दोन्ही सारखेच दिसायचे.”

“बाबांना? अगं, पण मला रंगाचे खडू तेच काढून द्यायचे!”

“खडूवरचं नाव वाचून द्यायचे. तू हसशील म्हणून बोलले नाहीत कधी.”

लेकीने तारांचा जुडगा हळूच पुढे ओढला, तशा चिठ्ठ्या बाहेर आल्या. पिवळ्या पडलेल्या, अक्षरं मात्र छापल्यासारखी. हिरवीवर ‘आर’, म्हणजे वीज आणणारी. लालवर ‘सी’, म्हणजे परतीची.

“बाबा...” एवढंच ती म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसून एकेक तार चिठ्ठीबरहुकूम बसवत गेली. नव्याला आपलं यंत्र हीट पंप आहे, हेही बटणं दाबून नीट सांगितलं.

दोन्ही मेन वर केले. पाच मिनिटं काहीच होईना. दोघी माझ्या वारसाकडे टक लावून उभ्या. मग बाहेर पंप घुमला आणि जाळीतून कोमट हवा आली. मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा मत्सरही वाटला.

आता मला खुशाल भंगारात द्या. एकच मागणं आहे, पुढे कुणी नव्याचं झाकण उघडलं तर त्या चिठ्ठ्या काढू नका.

तसं हे मागणं वाया गेलं म्हणायचं. कारण झाकण लावण्याआधी लेकीने फोन आणून फोटो काढला, आणि प्रत्येक चिठ्ठी नव्या दोऱ्याने घट्ट बांधली. मागे आई बाळाची एक टोपी काढत होत्या. मग दुसरीही काढली.