अडीच हात साडी

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. कीर्तनात देवाची कथा ऐकतो, तिचा शेवट ठाऊक असतो. ही आपल्या खासबागेतल्या नागोजीअण्णांची. ती अजून संपलेली नाही, म्हणून सांगताना जीव खालीवर होतो.

अण्णा हातमागावर साड्या विणतात. त्या दिवशी सकाळी सातला त्यांनी नवी साडी विणायला धरली, आणि यशोदावहिनी आम्हा शेजाऱ्यांबरोबर काल्याच्या कीर्तनाला आल्या. प्रसाद घेऊन साडेदहाला परतलो तर माग गप्प. अण्णा तिथंच कलंडलेले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना.

दवाखान्यात मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही, गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. यांना धडधाकट शेवटचं कधी पाहिलंत?"

"सातला," वहिनी म्हणाल्या.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "उशिरा दिलं तर मेंदूत रक्त उतरायचं भय."

वहिनींनी शेजारच्या अक्काताईला फोन लावला. "मागावर किती इणून झालंय बघ गं."

"नवरा तिकडं पडलाय आनि तुला साडी सुचत्या व्हय?"

"मोज म्हंते न्हवं."

थोड्या वेळानं फोनमधून आवाज आला, "अडीच हात हाय."

वहिनी डॉक्टरांकडं वळल्या. "सातला कोरी साडी धरली हुती. तासाला एक हात इणत्यात. बत्तीस वर्सं बघत आल्ये, त्याहून भरभर त्येंचा हात चालत न्हाय. म्हंजे साडेनऊपातूर मानूस चांगला हुता."

डॉक्टरांनी तेच पुन्हा विचारलं, स्कॅन परत पाहिला, मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. मग कागद पुढं केला. "धोका तरीही आहे. सही करा." वहिनींची अक्षरं ओळीखाली घसरत गेली. मी नाम घेत होतो, आणि मध्येच विसरत होतो.

इंजेक्शन दिलं आणि अण्णा वाचले. चौथ्या दिवशी अंगठा हलला. डॉक्टर म्हणाले, "पहिले तीन महिने मोलाचे. व्यायाम रोज, गोळी चुकवायची नाही. पुन्हा विणतील का, ते आज सांगता येत नाही."

सात आठवडे झाले. अण्णा काठी घेऊन चालतात, बोलणं अडखळतं. उजवी मूठ आडवं सूत नेणारा धोटा धरते आणि मध्येच सोडते. मागावर ती साडी तशीच आहे, वहिनी कुणाला हात लावू देत नाहीत. अण्णा तिच्याकडं बघतात, मग माझ्याकडं. मला नजर देववत नाही.

उद्या नामाला दोन्ही हातांनी टाळी द्याल, तेव्हा आमच्या नागोजीअण्णांची आठवण ठेवा, बाबांनो.