कोंबड्यांनी रोखलेली पलटण

आम्ही त्या किल्ल्यातून सुखरूप सुटलो आणि कोंबड्यांचं बिंग फुटलं. आता हे विसरा. पलटणीच्या दप्तरात असं काही घडलेलंच नाही, आणि रोमन शिपायाने दप्तराच्या पुढे जाऊन बोलू नये.

तर, सकाळी अख्खी पलटण पिंजऱ्याभोवती जमली होती. पवित्र कोंबड्यांनी दाणे टिपले तरच लढाईला निघायचं. नाही टिपले तर देवाचा नकार. किल्ल्याबाहेर दोन हजार डोंगरी टोळीवाले होते आणि आत चार कोंबड्या. आम्हाला अडवलं होतं कोंबड्यांनी. पाणी तीन दिवसांचं उरलेलं. माझ्या तंबूतला वेक्टियस तापाने फणफणत होता, त्याच्या वाट्याला दिवसाला अर्धा पेला.

पुजारी तितिनियसने दाणे फेकले. कोंबड्यांनी ते पाहिले आणि डोळे मिटले.

"ज्युपिटर रागावलाय!" तितिनियस गरजला. "नैवेद्य कमी पडतोय!"

"महाराज, मी माझ्या वाट्याचे सगळे जव दिले की," एक शिपाई रडवेला झाला.

"मनापासून दिलेस?"

"नाही."

"बघा!"

पलटण निघाली की पिंजरा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं काम या तितिनियसचंच. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते वेक्टियसच्या उशाशी बसून कंटाळलेल्या हर्मिपस वैद्याच्या.

"जेवत नाहीत म्हणजे आजारी असतील. तपासतो."

"खबरदार! हात लावलास तर हात झडेल!"

"दुसरा आहे," म्हणत वैद्याने एक कोंबडी उचलून सेनापतीपुढे धरली. "सरकार, इथे चाचपा. गळ्याखालची पिशवी दाण्यांनी टच्च भरलीय. बाईंचं जेवण पहाटेच उरकलंय, तुमच्या नैवेद्यावर."

सेनापती केडिकियसने चाचपलं. चारही टच्च.

"चमत्कार!" तितिनियस ओरडला. "जव आपोआप आत गेले!"

"मग उद्यापर्यंत पिंजरा माझ्या तंबूत ठेवू," वैद्य म्हणाला. "आपोआप जातात का बघू."

दुसऱ्या सकाळी कोंबड्यांनी दाणे संपवले, माती उकरली आणि सेनापतीच्या चपलेचा पट्टाही ओढून पाहिला.

"उपाशी कोंबडी खाते, भरल्या पोटाची खात नाही. यात ज्युपिटर कुठे आला, सरकार?"

"वैद्यबुवा, ते नंतर. दार उघडा!"

सगळ्यांच्या पुढे ढकललेला तितिनियस जिवाच्या भीतीने पिंजऱ्यासकट असा सुसाट पळाला की वेढा घातलेल्यांनी घाबरून वाट दिली. आम्ही त्याच्या मागून नदीवर पोचलो. वेक्टियस पोटभर पाणी प्याला.

दप्तरात नोंद झाली: 'तितिनियसच्या प्रार्थनेने देव प्रसन्न.' त्याला बढती मिळाली, हर्मिपसची बदली झाली, आणि कोंबड्यांना हात लावणाऱ्याला चाळीस फटक्यांची शिक्षा ठरली.

आज आम्ही पुढच्या किल्ल्यात आहोत. बाहेर टोळीवाले, पाणी पाच दिवसांचं, वेक्टियसला पुन्हा ताप. कोंबड्या जेवत नाहीत. सेनापतीला सगळं ठाऊक आहे, पण त्या नोंदीवर शिक्का त्याचाच. म्हणून हा अर्ज:

सम्राटांच्या चरणी सविनय विनंती. ज्या गोष्टीला हात लावायची बंदी असेल, ती आधी हात लावून पाहण्याची मुभा प्रत्येक शिपायाला असावी. देवाच्या वतीने बोलणाऱ्याचे हात कुठे असतात, तेही पाहू द्यावे. तसेच, हा अर्ज घेऊन निघणाऱ्या स्वारास, कोंबड्यांनी दाणे टिपण्याआधी किल्ल्याबाहेर पडण्याची खास परवानगी उलट टपाली मिळावी. कळावे.