डावा पाय

बद्रीनाथची बुलेट शेवटी भंगारात गेली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. पण चितेगावच्या कंपनीत रोज जायचं तर गाडी हवीच. म्हणून पोटभर हळहळून झाल्यावर तो बायकोला, आशाबाईला, घेऊन रोशन गेटजवळच्या फारूखभाईच्या दुकानी आला. फारूख जुन्या गाड्या विकायचा, दुरुस्तही करायचा. बद्रीनाथची बुलेट वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखालून गेलेली.

फारूखनं तीन गाड्या दाखवल्या. एक मोठ्या टाकीची, दणकट, कॉलेजची पोरं घेतात तसली. एक साधी मोटारसायकल, कमी पेट्रोल पिणारी. आणि कोपऱ्यात एक बिनगिअरची स्कूटर, तिच्याकडे बद्रीनाथनं ढुंकूनही पाहिलं नाही. रोजचं जाणं-येणं, ट्रकांची गर्दी, आता वयही झालं, तर बिनगिअरची बरी, असं फारूख सुचवू लागला. बायांची गाडी मला दाखवू नकोस म्हणून बद्रीनाथनं त्याला गप्प केलं. साधी मोटारसायकल पसंत करून त्यानं आशाबाईला मागं बसवलं आणि चक्कर मारायला गाडी पैठण रोडला काढली.

आशाबाई लग्नापासून त्याच्यामागं एका अंगावर, डावीकडे पाय सोडून बसत आलेली. पुढचा रस्ता तिला कधी दिसलाच नाही, तो नवऱ्याच्या पाठीनं अडवलेला. तिला दिसायचा त्याचा डावा पाय. जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्याला. तो पाय दबला की ही मागची दांडी घट्ट धरायची. पुढं म्हैस आली की ट्रक, हे तिला तो पाय किती दबतो त्यावरून कळायचं. नव्या गाड्यांना हे सगळं उलटं असतं, डावीकडे गिअर आणि उजवीकडे ब्रेक. फारूखनं निघताना तसं बजावलंही होतं. मला काय सांगतोस, म्हणत बद्रीनाथनं किक मारली होती.

महानुभाव आश्रमाच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. तो एकाएकी थांबला. आशाबाईनं पाहिलं, डावा पाय दबला. तिनं सवयीनं दांडी धरली, पण गाडी थांबेना. पाय आणखी जोरात दबला, खटकन गिअर पडला आणि गाडी तशीच पुढं जात राहिली. ऐन वेळी त्यानं हँडल वळवून ती कडेच्या मुरमात घातली. आशाबाईचा पदर ट्रॉलीतल्या उसात अडकून टरकन फाटला.

दोघं उतरली.

“ब्रेक ढिल्ला हाय,” बद्रीनाथ म्हणाला.

“ब्रेक नाय वो. पाय चुकला तुमचा. डावा दाबला तुमी.”

“उजवाच दाबला मी. मागं बसून मला गाडी शिकवू नको.”

तो खोटं बोलत नव्हता, आणि आशाबाईला भीती वाटली ती ह्याच गोष्टीची. त्याला खरोखर वाटत होतं की आपण उजवा पाय दाबला. इतक्या वर्षांत त्याचा पाय डोक्याला न विचारता चालायला लागला होता. उद्यापासून हा माणूस याच रस्त्यानं एकटा जाणार-येणार, आणि पाय चुकला हे सांगायलाही मागं कुणी नसणार. परत येताना तिची नजर त्या पायावरून हलली नाही.

दुकानात फारूखनं ब्रेक तपासला. ब्रेक ठीक होता, पण जुन्या गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? त्यानं नट थोडा आवळून दिला. बद्रीनाथ खूश झाला आणि त्यानं खिशात हात घातला. खरं पुन्हा बोलून उपयोग नाही, हे आशाबाईला कळून चुकलं. मागं थोरला पोरगा ‘बाबा, आता तुमचा हात कापतो’ एवढंच बोलला, तर ह्या माणसानं त्याच दिवशी हट्टानं गंगापूरपर्यंत बुलेट पळवून आणली होती. आता चारचौघांत पायाचं नाव काढलं तर हीच गाडी तो घेणार, आणि वर जोरातही हाणणार.

ती पुढं झाली.

“मला भ्या वाटतंय ह्या गाडीचं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “मी नाय बसणार हिच्यावर. तुमी एकले फिरा.”

बद्रीनाथला आधी हसू आलं, मग राग आला. लग्नकार्य, बाजार, देवदर्शन, सगळं आजवर जोडीनं झालेलं. एकल्यानं फिरायचं म्हणजे काय? त्यानं समजावलं, आवाज चढवला, फारूखला मध्ये घातलं. ती स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. हिची सीट रुंद आहे, हिच्यावर बसेन, एवढंच धरून बसली. खरं तर ही बाई कशाला भ्यायची नाही. बुलेट हळू चालली की हीच मागून ढोसायची, हे फारूखनंही पाहिलेलं. तो तिच्या फाटक्या पदराकडे बघत राहिला.

अखेर बद्रीनाथनं स्कूटर घेतली. दुकानातल्या एकूण एक माणसाला त्यानं सांगितलं की बाई भेदरट निघाली, तिच्यापायी हे घ्यावं लागतंय. आशाबाईनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

क्रांती चौकात एक रिक्षा आडवी घुसली. बद्रीनाथनं घाबरून दोन्ही मुठी आवळल्या. स्कूटरचे दोन्ही ब्रेक मुठीतच असतात. ती जागच्या जागी थांबली. आशाबाईची नजर खाली गेली. डावा पाय स्कूटरच्या मोकळ्या पत्र्यावर सगळा जोर लावून दाबलेला होता. तिथं दाबायला काहीच नव्हतं. चप्पल वाकली होती, बोटं पांढरी पडली होती.

तिनं वर पाहिलं. त्याचीही मान खाली झुकलेली होती. रिक्षा निघून गेली, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी तो हलेना.

“तुला तवाच दिसलं व्हतं,” तो मागं न बघता म्हणाला.

“मला काय दिसायचंय? मी भेदरट बाई.”

“धरून बस,” तो म्हणाला. मग त्यानं गाडी इतकी हळू काढली की मागून आलेला सायकलवालाही त्यांच्या पुढं निघून गेला.